देवमासे पाहायला गेलो तो दिवस

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी,

तुमच्या वर्गाच्या गुरुजींनी आम्हांला सांगितले, "ऐकीव काही नको. डोळ्यांनी पाहिलेले सांगा." म्हणून आज आम्ही एका दिवसाची हकीकत सांगणार आहोत. त्या दिवशी आम्ही बोटीत बसून देवमासे पाहायला गेलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, "देवमाशाचे आम्हांला काय? आमच्या ओढ्याला चार महिनेसुद्धा पाणी नसते." खरे आहे. पण ही गोष्ट जशी देवमाशाची आहे, तशी पोटापाण्याचीही आहे. जुना धंदा अडचणीत आला, तेव्हा समुद्रकाठच्या एका गावाने काय केले, ते हिच्यात आहे. म्हणून नीट ऐका.

गाव कोठे आहे?

भिंतीवरचा नकाशा पाहा. हा युरोप. त्याच्या वर, डाव्या हाताला, समुद्रात एकटे पडलेले हे बेट आहे. त्याचे नाव आइसलँड. आइसलँड म्हणजे बर्फाचा देश. आपल्या महाराष्ट्राचे तीन सारखे तुकडे केले, तर त्यांतल्या एकाएवढा हा देश भरेल. पण माणसे किती? सगळ्या देशात मिळून चार लाखसुद्धा नाहीत.

या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हुसाविक नावाचे गाव आहे. हुसाविक म्हणजे घरांची खाडी. वस्ती अडीच हजारांच्या आत. एक लाकडी देऊळ आहे, ख्रिस्ती लोकांचे, 1907 साली बांधलेले. एक धक्का आहे. धक्क्यावर बोटी. मागे डोंगर, पुढे समुद्र. बस, एवढेच गाव.

आमचा पुतण्या डेन्मार्क देशात नोकरीला आहे. 2024 च्या जुलै महिन्यात त्याने आम्हां उभयतांना तिकडे नेले. जुलै म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. पण तो उन्हाळा कसला! आमचे दात वाजत होते. आणि रात्र म्हणाल, तर तीही नावालाच. मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य थोडा वेळ बुडतो आणि लगेच वर येतो. काळोख म्हणून पडत नाही.

बोट निघाली

सकाळी दहा वाजता बोट सुटायची होती. आधी आम्हां सर्वांना एक जाड पोशाख दिला. कोट आणि पायजमा एकत्र शिवावा, तसा तो असतो. पायांतून घालायचा आणि गळ्यापर्यंत बंद करायचा. तो घालून आमच्या सौभाग्यवती अशा दिसू लागल्या, की पुतण्याला हसू आवरेना. पण बोट खाडीबाहेर पडली, वारा अंगावर आला, तेव्हा त्या पोशाखाची किंमत कळली.

बोट लाकडी होती. ओक नावाचे, आपल्या सागासारखे टिकाऊ लाकूड असते, त्याची. बोटीचा तांडेल साठीच्या पुढचा. आमच्याच वयाचा म्हणा ना. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हांला त्याची येत नव्हती. पुतण्या मध्ये बसून दोघांचे बोलणे एकमेकांना सांगत होता.

तांडेल म्हणाला, "माझे वडील असल्याच बोटीवर मासे धरायचे. मीही धरले."

आम्ही विचारले, "मग ते काम सोडले का?"

तो म्हणाला, "मी सोडले नाही. काम मला सोडून गेले."

त्याचा अर्थ असा. समुद्रातली मासळी संपू नये, म्हणून 1984 साली तिथल्या सरकारने नियम केला. कोणत्या बोटीने वर्षाला किती मासळी धरायची, त्याचा वाटा ठरवून दिला. हेतू चांगला होता. पण पुढे हे वाटे विकत घेता येऊ लागले. मोठ्या कंपन्यांनी लहान धन्यांचे वाटे घेतले. वाटा गेला की बोट रिकामी. अनेक लहान गावांतल्या लाकडी बोटी मोडीत निघाल्या. जमीन हातची गेल्यावर नांगराचे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको.

हुसाविकमध्ये दोघा भावांनी अशी एक जुनी बोट घेतली. मोडायला नव्हे, वाचवायला. ती दुरुस्त केली. पण बोट नुसती वाचवून भागत नाही, तिला काम हवे. गावापुढच्या समुद्रात उन्हाळ्यात देवमासे येतात, हे तिथल्या कोळ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. 1995 साली या भावांनी त्या बोटीतून लोकांना देवमासे दाखवायला नेले. तिकीट लावले. प्रथम लोक थोडे होते. पुढे वाढत गेले. आज दूरदूरच्या देशांतून माणसे या एवढ्याशा गावात येतात. बोटीवाले, खाणावळवाले, घरात पाहुणे ठेवणारे, सर्वांना त्यातून काम मिळते.

ही कल्पना मात्र त्यांच्या आधीची आहे. अमेरिकेत सॅन डिएगो नावाचे शहर आहे. तिथे 1955 साली एका कोळ्याने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना देवमासे दाखवले होते.

देवमासा हा मासा नव्हे

आता देवमाशाची ओळख करून घेऊ. नाव देवमासा, पण तो मासा नव्हे. मासा अंडी घालतो. देवमाशाची मादी पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते, जशी तुमची म्हैस रेडकाला पाजते. माशाला पाण्यात श्वास घेता येतो. देवमाशाला येत नाही. त्याला तुमच्या-आमच्यासारखी छाती आहे. हवा घ्यायला त्याला पाण्यावर यावेच लागते. त्याचे नाक डोक्याच्या वर असते.

तो वर येऊन श्वास सोडतो, तेव्हा पांढरे कारंजे उडाल्यासारखे दिसते. ते पाणी आहे असे पुष्कळांना वाटते. ते पाणी नव्हे. थंडीच्या दिवसांत पहाटे तुम्ही गोठ्यात जाता, तेव्हा बैलाच्या नाकातून वाफ निघते की नाही? तीच ही वाफ. जनावर मोठे, म्हणून वाफ मोठी.

आम्ही ज्याला पाहायला गेलो होतो, त्याला कुबडा देवमासा म्हणतात. पाठीवर लहान वशिंडासारखा उंचवटा असतो, म्हणून हे नाव. लांबी तेरा ते पंधरा मीटर. म्हणजे आपल्या एस. टी. गाडीहून लांब. वजन सुमारे तीनशे क्विंटल. सहा हत्ती एका पारड्यात घाला, तेव्हा दुसऱ्या पारड्यात हा एक.

आणि एवढ्या धुडाचे खाणे काय? तुमच्या आठवडे बाजारात सुका जवळा विकायला येतो. तसले बारीक जीव आणि बोटभर मासे! त्याच्या तोंडात दात नसतात. दातांच्या जागी वरून खाली लोंबणाऱ्या केसाळ झालरी असतात. तो तोंडभर पाणी घेतो, झालरीतून बाहेर सोडतो. पाणी जाते, जवळा आत राहतो. घरातल्या चाळणीसारखेच काम.

उन्हाळ्यात तिकडे दिवस मोठा. ऊन पुष्कळ वेळ असते. नद्या डोंगरावरचा गाळ समुद्रात आणतात. त्यावर पाण्यात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती वाढते. ती खायला जवळा येतो. जवळा खायला मासे येतात. आणि त्या सर्वांना खायला देवमासा येतो. चार-सहा महिने तो पोटभर खातो आणि अंगात चरबी साठवतो. थंडीत तो हजारो किलोमीटर दक्षिणेला, उबदार समुद्रात जातो. तिथे पिल्ले होतात. तिथे त्याला फारसे खायला मिळत नाही. साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. सुगीत कणगी भरावी आणि पुढे तीवर वर्ष काढावे, तसाच हा संसार.

"तीन वाजता!"

बोट तासभर चालली होती. काही माणसांना बोट लागली होती. ती कडेला बसून उलट्या करीत होती. डोलकाठीवर एक मुलगी उभी होती. ती चारी बाजूंना पाहत होती. एकाएकी ती ओरडली. पुतण्या म्हणाला, "काकू, तीन वाजता! तीन वाजता!"

सौभाग्यवतींनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. म्हणाल्या, "अरे, आत्ताशी सव्वाअकरा वाजलेत."

त्याचे असे आहे. बोट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. बोटीचे नाक म्हणजे बारा. मागची बाजू म्हणजे सहा. उजवा हात म्हणजे तीन, डावा हात म्हणजे नऊ. समुद्रात झाड नाही, देऊळ नाही. मग खूण सांगायची कशी? म्हणून ही युक्ती.

आम्ही उजवीकडे पाहिले. पांढरी वाफ उडाली. मग काळी, ओली पाठ दिसली. ती हळूहळू पुढे सरकली. सरकतच राहिली. संपेचना! बोटीवर चाळीस-पन्नास माणसे होती. कोणी बोलत नव्हते. त्या शांततेत त्याचा श्वास ऐकू आला. भात्यातून हवा सुटावी, तसा आवाज. मग पाठीला बाक आला आणि शेपूट पाण्याबाहेर आले. दोन खाटा शेजारी ठेवाव्यात, त्याहून रुंद. त्यावरून पाणी गळत होते. क्षणभर ते उभे राहिले आणि आत गेले. पाण्यावर एक गुळगुळीत वर्तुळ तेवढे उरले.

शेपटाच्या खालच्या बाजूला पांढरे-काळे डाग असतात. दर देवमाशाचे डाग वेगळे. पूर्वी कचेरीत तुमचा अंगठा घेत, आता तुम्ही सही करता. तो जसा तुमचा अंगठा, तसे हे शेपूट. त्याचे फोटो काढून माणसे वही ठेवतात. हाच देवमासा मागल्या वर्षी आला होता, हे त्यावरून कळते.

तांडेल थांबला

देवमासा दुसऱ्यांदा वर आला, तो बोटीपासून बराच लांब. एक प्रवासी उठून तांडेलाकडे गेला. म्हणाला, "बोट आणखी जवळ घ्या. आम्ही एवढे पैसे मोजलेत."

तांडेलाने इंजिन मंद केले. मग बंदच केले. तो म्हणाला, "पैसे तुम्ही बोटीचे दिलेत, देवमाशाचे नव्हे."

तो गृहस्थ रागावला. आणखी दोघे-तिघे कुरकुरले. तांडेल काही बोलला नाही. बोट लाटांवर हलत उभी राहिली. आम्ही सात-आठ मिनिटे वाट पाहिली. देवमासा तिसऱ्यांदा वर आला, तो आणखी दूर. शेपूट दाखवून गेला, तो पुन्हा दिसला नाही.

आम्ही तांडेलाला विचारले, "जवळ नेली असती तर काय बिघडले असते?"

तो म्हणाला, "आज काही बिघडले नसते. तो दचकला असता, खाणे सोडून गेला असता. उद्या पुन्हा असेच. परवा पुन्हा. मग एक दिवस तो इथे यायचाच नाही. तेव्हा मी लोकांना काय दाखवू? रिकामे पाणी?"

या धंद्याचे नियमच तसे आहेत. देवमाशाजवळ बोट हळू न्यायची. त्याच्या वाटेत आडवे जायचे नाही. पाठलाग करायचा नाही. एकाच देवमाशाभोवती पुष्कळ बोटींनी गर्दी करायची नाही. इंजिनाच्या आवाजाचा त्याला त्रास होतो, कारण पाण्यात तो कानांवरच जगतो. म्हणून 2015 साली हुसाविकच्या लोकांनी विजेवर चालणारी एक शिडाची बोटही पाण्यात घातली. नियम सर्वच पाळतात असे नाही. गिऱ्हाईक पैसे दाखवते, तेव्हा नियम आठवणे कठीण असते. आमच्या तांडेलाला आठवला, हे आम्ही पाहिले.

परतताना सर्वांना गरम कोको आणि दालचिनी घातलेला गोड पाव मिळाला. रंगीत चोचीचे लहान पक्षी पाण्यावर पंख आपटीत चालले होते. तो रागावलेला गृहस्थही पाव खाऊन शांत झाला.

मारावा की पाहावा?

हे लोक पहिल्यापासून देवमाशाचे मित्र होते, असे मात्र समजू नका. रॉकेल येण्यापूर्वी युरोपात आणि अमेरिकेत देवमाशाच्या चरबीच्या तेलावर दिवे जळत. पुढे तोफेने मारायचा भाला निघाला, जलद बोटी निघाल्या. मग शिकारीला धरबंध राहिला नाही. सर्वांत मोठा तो निळा देवमासा. विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात असे तीन लाखांहून अधिक मारले गेले. शेवटी 1966 साली त्याच्या शिकारीवर बंदी आली. 1986 पासून धंद्यासाठी सर्वच मोठ्या देवमाशांची शिकार थांबवावी, असे ठरले.

आइसलँडने 1990 ते 2002 या काळात एकही देवमासा मारला नाही. हुसाविकच्या बोटी निघाल्या, त्या याच काळात. पण 2006 साली धंद्यासाठी शिकार पुन्हा सुरू झाली. म्हणजे त्याच देशात एक बोट देवमासा दाखवायला निघते, दुसरी मारायला निघते! 2022 साली 148 मोठे देवमासे मारले गेले. काहींना मरायला फार वेळ लागतो, हाल होतात, असे सरकारी तपासणीत आढळले. म्हणून 2023 च्या उन्हाळ्यात सरकारने दोन महिने शिकार थांबवली. त्या वर्षी 24 मारले गेले. 2024 साली ती मोठी शिकार झाली नाही. पण त्याच वर्षाच्या शेवटी पुढच्या पाच वर्षांचे परवाने पुन्हा दिले गेले. तंटा मिटलेला नाही.

शिकारीच्या बाजूचे लोक म्हणतात, "देवमासा आमची मासळी खातो." हे बोलणे आपल्याला नवे नाही. रानडुक्कर पीक खाते, तेव्हा आपणही रागावतो, आणि तो राग खोटा नसतो. पण शास्त्रज्ञ दुसरी बाजू दाखवतात. देवमासा खोल पाण्यात खातो आणि वर येऊन शेण टाकतो. त्या शेणात लोह असते, नत्र असते. त्यावर ती बारीक वनस्पती वाढते, तिच्यावर जवळा, जवळ्यावर मासळी. म्हणजे तो समुद्राचे पीक खातो आणि समुद्राला खतही घालतो. शेणखताची किंमत शेतकऱ्याला कोणी शिकवावी?

हुसाविकमध्ये देवमाशांचे एक संग्रहालय आहे. 2010 साली एक निळा देवमासा आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर मरून पडला होता. त्याचा सगळा सांगाडा तिथे मांडला आहे. लांबी 25 मीटर. दोन एस. टी. गाड्या एकापुढे एक लावा, तेवढा. आणि ती इमारत पूर्वी कशाची होती म्हणाल? कत्तलखान्याची.

आपल्या किनाऱ्यावर

देवमासे परदेशातच असतात असे नाही. आपल्या कोकणाच्या समुद्रातही ते आहेत. 2015 साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर समुद्रात जिवंत निळे देवमासे पाहिल्याची नोंद झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशात देवमाशाला पूर्ण संरक्षण आहे. त्याला मारणे गुन्हा आहे. देवमाशाची उलटी म्हणून जो पदार्थ चोरून विकतात, तो विकणे हाही गुन्हा आहे. लाखो रुपये मिळतील, असे कोणी सांगितले तरी त्या वाटेला जाऊ नका. तुरुंगात जाल.

कोळ्याच्या जाळ्यात चुकून असा संरक्षित प्राणी सापडला, तर काय करावे? जाळे कापून त्याला सोडावे. पण जाळे फुकट मिळत नाही. गरिबाने नुकसान का सोसावे? हे ओळखून महाराष्ट्र सरकारने 2018 साली योजना सुरू केली. जाळे कापून प्राणी सोडला, त्याचा फोटो दाखवला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई ठेवली. आम्हांला हे योग्य वाटते. उपाशी माणसाला नुसता उपदेश करून भागत नाही.

तुमच्यापैकी कोणी कामासाठी कोकणात जात असेल आणि किनाऱ्यावर देवमासा अडकलेला दिसला, तर एवढे करा. वनखात्याला किंवा पोलिसांना लगेच कळवा. त्याच्या नाकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. अंगावर ओली कापडे टाका. गर्दी हटवा. पाठीवर बसून फोटो काढू नका.

मंडळी, हुसाविकच्या लोकांनी नवे असे काय आणले? बोट जुनी. समुद्र जुना. देवमासा कोठे येतो, पक्षी कोठे घिरट्या घालतात, वारा कधी फिरतो, हे त्यांचे ज्ञानही जुनेच. तेवढ्यावरच त्यांनी नवे काम उभे केले. मेलेला देवमासा एकदाच विकता येतो. जिवंत देवमासा दर उन्हाळ्यात येतो आणि गावाला पोसतो. मात्र त्यासाठी तांडेलाला दररोज योग्य जागी इंजिन बंद करावे लागते. आपल्याही गावात ओढा आहे, देवराई आहे, जुनी झाडे आहेत, म्हाताऱ्यांजवळचे ज्ञान आहे. त्यांतले काय मोडीत घालायचे आणि काय राखायचे, हे आपण एकदा एकत्र बसून ठरवू या.

आता कोणाला काही विचारायचे असेल, तर विचारा. आधी मागे बसलेल्या बायांनी विचारावे.